लांबलेला सजदा

मशिदीत मागच्या सफेत एखादे मूल हसले की आपल्यातलेच कुणी वळून डोळे वटारतात. ‘‘याला घरी ठेवून यायचे ना!’’ असे त्याच्या दादांना सुनावतात. दादा मान खाली घालतात आणि दुसऱ्या दिवशी एकटेच येतात. खरे सांगायचे तर आम्हीही असे डोळे वटारले आहेत. म्हणूनच आज हे लिहावेसे वाटले.

मदीनेतील एका नमाजची हकीकत नसाईंच्या हदीससंग्रहात आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) हजरत हसन किंवा हुसेन (रजि.) यांपैकी एका नातवाला घेऊन आले, त्याला खाली ठेवले आणि नमाज सुरू केली. एक सजदा फारच लांबला. मागच्या हजरत शद्दाद (रजि.) यांनी डोके वर करून पाहिले, तर नातू पाठीवर बसलेला! नमाजनंतर लोकांनी काळजीने विचारले, काही घडले का, की वह्य उतरत होती? तसे काहीच नव्हते. नातू पाठीवर चढला होता आणि त्याचे मन भरण्याआधी त्याला घाईने उतरवणे नानांना आवडले नाही, एवढेच.

नातीच्या वाट्यालाही हेच प्रेम आले. कन्या हजरत जैनब (रजि.) यांची मुलगी उमामा हिला खांद्यावर घेऊन प्रेषितांनी (सल्ल.) नमाज अदा केली. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत.

एकदा त्यांनी हसन (रजि.) यांचा मुका घेतला. तेव्हा अकरा बिन हाबिस म्हणाले की, मला दहा मुले आहेत, पण मी कधी एकाचाही मुका घेतला नाही. त्यावर उत्तर मिळाले, जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही.

शिक्षकांसाठी हजरत अनस (रजि.) यांची आठवण पुरेशी आहे. वयाच्या सुमारे 10 व्या वर्षी ते प्रेषितांच्या (सल्ल.) सेवेत आले. एकदा कामाला पाठवले, तर वाटेत बाजारात खेळणाऱ्या मुलांपाशीच रेंगाळले. मागून कुणीतरी मान धरली. वळून पाहिले तर प्रेषित (सल्ल.) हसत उभे! लाडाने ‘उनैस’ अशी हाक मारून त्यांनी विचारले, सांगितलेल्या ठिकाणी गेलास का? याच मुलाने पुढे दोन हजारांहून अधिक हदीस सांगितल्या.

आम्ही तीस वर्षे शाळेत शिकवले. एकदा उशिरा आलेल्या एका मुलाला आम्ही वर्गाबाहेर उभे केले. त्याच्या खिशात आमच्यासाठी वेचून आणलेली बोरे होती, हे नंतर कळले. तास संपेपर्यंत त्याने ती मित्रांना वाटून टाकली होती. त्या दिवशी आनंद आमच्या दारापर्यंत आला होता. दार आम्हीच लावून घेतले.

मुले आनंद घेऊनच येतात. तो घ्यायला मोठ्यांनी क्षणभर थांबावे लागते. आता आमची नात जानमाजवर येऊन गळ्यात पडते, तेव्हा आम्ही घाई करत नाही. आपल्या मशिदीत उद्या एखादे मूल हसले, तर वळून त्याच्या दादांना एवढेच सांगू या, ‘‘उद्याही घेऊन या.’’