कशेळीचा हत्ती आणि मेंदूतील तरंग

मेंदूचा विद्युत्-आलेख काढण्याचे काम प्रथमदर्शनी शिंप्याने माप घ्यावे तसे दिसते. रत्नागिरी शहरातील एका रुग्णालयात मी ते जवळून पाहिले, तेव्हा तेथील तंत्रज्ञ बाईंनी एका वृद्ध रुग्णाच्या नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागील उंचवट्यापर्यंत फीत धरली, त्या अंतराचे दहा आणि वीस टक्क्यांचे भाग मुक्रर करून जागोजागी पेन्सिलीने खुणा केल्या, केस बाजूस सारून त्वचा घासली, आणि चिकट मलम लावलेली एकेक धातूची चकती त्या खुणांवर इतक्या निगुतीने बसवली, की दफ्तरातील एखाद्या जुन्या मोजणीदाराने हद्दीचे दगड रोवताना तिचा हेवा करावा. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीबरहुकूमच आजही बहुतेक रुग्णालयांत काम चालते.

"आजोबा, डोळे मिटा," बाई म्हणाल्या. पडद्यावर इतका वेळ बारीक, अस्ताव्यस्त थरथरणाऱ्या रेघांपैकी डोक्याच्या मागील भागाच्या रेघा संथ, एकसारख्या डोलू लागल्या. "आता उघडा," म्हणताच ती लय मोडली. सेकंदास ८ ते १३ आवर्तने असणारी ही आल्फा लहर जर्मनीतील येना येथील मनोरोगतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ साली जगापुढे मांडली, आणि पुढे कित्येक वर्षे विद्वज्जनांनी तिच्याकडे संशयानेच पाहिले. एका व्होल्टाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम वीस-पन्नास पट एवढीच तिची उंची. पण डोळे उघडे की मिटलेले याची साक्ष ती विनातक्रार देते.

तथापि डोळे उघडेच आहेत, समोरचे चित्र तिळमात्र बदललेले नाही, आणि तरीही दिसणारी वस्तू बदलते, अशा प्रसंगी ही लहर काय करते, हा प्रश्न मला अधिक मोहाचा वाटतो. लुई नेकर या स्विस शास्त्रज्ञाने १८३२ साली स्फटिकांच्या आकृत्या न्याहाळताना असे नमूद केले की, केवळ रेघांनी काढलेला पारदर्शक घन पाहता पाहता उलटतो आणि मागची बाजू पुढे येते. असे दुहेरी रूप घेणाऱ्या दृश्याकडे टक लावून बसलेल्या माणसाला ते पालटताच बटण दाबावयास सांगून त्याच्या मेंदूच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी केली असता, आल्फा लहरीची उंची बटण दाबण्याच्या बरीच आधीपासून हळूहळू उतरू लागलेली असते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. म्हणजे जुन्या रूपाचा अंमल आतून ढिला पडतो आणि मालकाला त्याची खबर मागाहून लागते! वेगवान गामा लहरींविषयी मात्र मी हात राखून बोलेन. काळ्यापांढऱ्या डागांतून अवचित चेहरा ओळखू येतो त्या क्षणी त्या लहरी मेंदूच्या दूरदूरच्या भागांत एका ठेक्यावर येतात, असे फ्रान्सिस्को व्हारेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले. परंतु टाळूवर मिळणारी गामाची काही नोंद डोळ्यांच्या अतिसूक्ष्म हालचालींतून उद्भवते, असे २००८ साली जेरुसलेममधील संशोधकांनी सिद्ध केल्यामुळे जुन्या दाव्यांची फेररुजुवात करणे भाग पडले.

या द्व्यर्थी दर्शनाचा भव्य नमुना पाहण्यासाठी मात्र प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. तो आमच्या जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला आहे. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा हा हत्ती, आणि त्याच्या देहात जलचर, पक्षी, श्वापदे यांची एकमेकांत गुंतलेली दाटी. पोटातील मासा निरखू लागावे तो हत्ती नाहीसा होतो. हत्ती नजरेत धरावा तर मासा नुसत्या रेघांत विरघळतो. नऊ स्त्रियांच्या देहांतून हत्ती साकारणारी नवनारीकुंजराची चित्रे पाहिलेल्या वाचकास हा अनुभव परका नसेल. फरक इतकाच, की ते चित्र हातात मावते आणि हा हत्ती पायांनी फिरून गोळा करावा लागतो, कारण जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तो एका दृष्टिक्षेपात सापडतच नाही.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी सडे तुडवून, गुराख्यांकडून आणि जुन्याजाणत्या गावकऱ्यांकडून माहिती काढून, अशी शेकडो कातळशिल्पे उजेडात आणली. सड्यावरचे हे काम मी पाहिले आहे. पावसाळ्यातले गवत वाळल्यावर रेघांत साचलेली माती आधी हाताने मोकळी करावयाची, मग मऊ झाडणीने झाडावयाची, आणि त्यानंतर, हाच खरा कसबाचा भाग, आकृतीभोवती हळूहळू प्रदक्षिणा घालावयाची. "एका जागी उभं राहून बघू नका, पलीकडून या," असे मला तेथे बजावण्यात आले. त्यामागे पक्के शास्त्र आहे. प्रकाश वरून येतो हे मेंदूने गृहीत धरलेले असते. सूर्याकडे तोंड करून पाहिले तर खोदलेली रेघ खोदलेलीच दिसते, पण सूर्य पाठीशी घेऊन एक डोळा मिटला, किंवा त्या बाजूने टिपलेले छायाचित्र पाहिले, की तीच रेघ पुष्कळदा वर उचललेल्या वरंब्यासारखी भासते. खोदीव आणि उठाव यांच्या या अदलाबदलीवर डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८२६ सालीच निबंध लिहिला होता. ऐन दुपारी तर सावलीच नाहीशी होते आणि मोठमोठ्या आकृत्या कातळाच्या नैसर्गिक भेगांत बेमालूम मिसळून जातात.

माझे मत असे की, नेकरच्या घनासमोर खुर्चीत जखडून बसवलेल्या माणसापेक्षा सड्यावर फिरणारा हा निरीक्षक दर्शनाच्या प्रक्रियेविषयी अधिक व्यवहारज्ञान बाळगून असतो. आपल्या मेंदूने परस्पर दिलेला पहिला निकाल तो कायम करीत नाही. जागा बदलून, वेळ बदलून, शेजाऱ्याला विचारून तो फेरतपासणी मागतो. आलेखाच्या रेघा निकाल बदलल्याचे सांगतात, पण हत्ती दिसला की मासा हे विचारावयाचे तर ते अखेर माणसालाच विचारावे लागते.

कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली, तेव्हापासून पाहणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. कशेळीला, उक्षीला किंवा बारसूला जाणाऱ्या वाचकांना विनंती, की त्यांनी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावे, आकृतीच्या काठाने फिरावे, रेघांवर पाय देऊ नये, आणि छायाचित्र चांगले यावे म्हणून त्यांत खडू किंवा रंग तर मुळीच भरू नये. भरलेली रेघ पुढच्या माणसाला भरणाऱ्याच्याच नजरेने पाहावयास लावते.