घरगुती काढा आणि गाढवाचे कातडे

हिवाळ्याच्या तोंडावर चिनी घरांतून आले आणि वाळवलेली लाल बोरे यांचा काढा उकळू लागतो. गुडघ्याखालच्या बिंदूला दवण्याच्या कुळातील पाल्याचा शेक दिला जातो. देहाच्या वेशीवर पहारा देणारी ‘वेइ-छी’ त्यामुळे सबळ होते, अशी तेथील परंपरेची धारणा आहे. आधुनिक प्रतिकारशक्तीशी ही कल्पना एकरूप नव्हे, आणि पुरावाही तुटपुंजाच. परंतु खर्च नगण्य, म्हणून तक्रारीस फारशी जागा नाही.

प्रश्न उद्भवतो तो ‘अ-च्याओ’पाशी. गाढवाचे कातडे शिजवून केलेला हा सरस मुख्यतः रक्तवर्धक मानला जाई. हाती पैसा खेळू लागताच चिनी मध्यमवर्गाने अक्रोड-तिळांसह त्याला सर्वांगीण शक्तिवर्धकाचे पद दिले. यंत्रांमुळे चीनमधील गाढवे आधीच घटली होती. साहजिकच मागणी आफ्रिकेकडे वळली. तेथे गाढव म्हणजे पाणी व जळण वाहणारे, विशेषतः स्त्रियांचे कष्ट हलके करणारे भांडवल. गाढवी सुमारे वर्षभर गाभण राहते व बहुधा एकच शिंगरू देते; किंमत चढली तरी पुरवठा लगोलग वाढत नाही, वाढतात त्या चोऱ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यांसाठी गाढवे मारण्यावर १५ वर्षांची बंदी घातली. तिची अंमलबजावणी मात्र प्रत्येक सदस्यराष्ट्राच्या हाती आहे.