‘पाठवतो’ की ‘पाठवत आहे’? : इंग्रजी पत्रव्यवहारातील एका निवडीचे मोल

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील आंब्याचा किंवा काजूचा व्यापारी परप्रांतीय ग्राहकाला इंग्रजीत पत्र लिहितो, तेव्हा त्याचे सारे लक्ष भाव, वजन आणि तारीख यांवर असते. क्रियापदाकडे तो क्वचितच पाहतो. ‘आम्ही दर आठवड्याला माल पाठवत असतो’ हे मनातले वाक्य ‘वुई आर सेंडिंग गुड्स एव्हरी वीक’ असे कागदावर उतरते. भारतातील वाचक त्याचा आशय लगेच ओळखतो. परंतु लंडनचा ग्राहक त्यातून निराळा अर्थ काढू शकतो : सध्या पाठवत आहेत, पुढे पाठवतीलच असे नाही. तीन पिढ्यांचा व्यवहार एका क्रियापदाच्या रूपामुळे तात्पुरता भासू लागतो.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. तिचे मूळ मराठीच्या समृद्धीत आहे. ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा 1911 साली प्रसिद्ध झालेला मान्यवर ग्रंथ लिहिणारे मोरो केशव दामले हे कवी केशवसुतांचे बंधू, म्हणजे रत्नागिरीजवळच्या मालगुंडच्या दामले कुटुंबातले. ज्या मातीने असा वैयाकरण दिला, तेथे इंग्रजी क्रियापदाचा विचार मराठीपासूनच सुरू करणे उचित ठरेल. मराठीत ‘मी पाठवतो’ हा साधा वर्तमानकाळ, ‘मी पाठवत आहे’ हा अपूर्ण आणि ‘मी पाठवत असतो’ हा रीती वर्तमानकाळ. इंग्रजीत वर्तमानातील रीतीसाठी असे वेगळे रूप नाही. ते काम साधा काळच करतो. म्हणून ‘पाठवत असतो’ याचे योग्य भाषांतर ‘वुई सेंड’ असेच होते. मराठीतील ‘त’ आणि ‘असतो’ पाहून ‘आर’ आणि ‘इंग’ जोडण्याचा मोह आवरावा लागतो.

दुसरा मोह ‘आहे’ या शब्दाचा. ‘आमच्याकडे दोनशे पेट्या आहेत’ याचे ‘वुई आर हॅविंग’ होते, आणि ‘मला माहीत आहे’ याचे ‘आय अ‍ॅम नोइंग’. मालकी, ज्ञान, विश्वास, गरज या क्रिया नसून स्थिती होत. स्थिती क्षणोक्षणी घडत नाही, ती असते. म्हणून तेथे ‘वुई हॅव’ आणि ‘आय नो’ अशी साधी रूपे येतात. जेवण चालू असताना मात्र ‘वुई आर हॅविंग लंच’ म्हणणे शुद्धच आहे, कारण तेथे ‘हॅव’ मालकी दाखवत नाही, कृती दाखवते. मुंबईचे कवी निसीम इझिकेल यांनी आपल्या काही इंग्रजी कवितांत भारतीयांच्या या ‘इंग’प्रेमाची मिस्कील नक्कल केली, इतकी ही सवय देशभर रुजलेली आहे.

राहण्याच्या बाबतीत हा भेद अधिकच महत्त्वाचा. ‘आय लिव्ह इन रत्नागिरी’ म्हणजे तेथे माझे घर आहे. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन रत्नागिरी’ यात तूर्त मुक्काम तेथे असल्याची छटा येते. परदेशी शिक्षणासाठी व्हिसाची मुलाखत देणाऱ्या मुलाला आपले घर, आईवडील आणि दुकान गावी स्थिर असल्याचे सांगायचे असते. अशा वेळी साधे रूपच त्याचे म्हणणे नेमके पोहोचवते.

उलट दिशेनेही घसरण होते. ‘उद्या माल पाठवतो’ असे मराठीत साध्या वर्तमानात सहज म्हटले जाते. इंग्रजीत मात्र ‘वुई आर सेंडिंग इट टुमॉरो’ म्हटले की ट्रक ठरला आहे, व्यवस्था झाली आहे असे समजले जाते. व्यवस्था अजून व्हायची असेल, तर ‘वुई विल सेंड’ हे आश्वासन अधिक प्रामाणिक.

काळ एकच असूनही रूपे दोन का, या प्रश्नाशी जैन वाचकाचा परिचय जुना आहे. श्वेतांबर आगमांपैकी भगवतीसूत्रात जमालीची कथा येते. ज्वराने पीडित जमालीने शिष्यांना अंथरूण घालण्यास सांगितले. ‘घातले का?’ असे त्याने विचारले, तेव्हा ‘घातले नाही, घालत आहोत’ असे उत्तर मिळाले. जे केले जात आहे ते केले गेलेच, हे भगवान महावीरांचे वचन मग खोटे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो संघापासून दूर गेला. परंपरेने त्याला पहिला निह्नव मानले. वस्त्र विणले जात असताना विणला गेलेला प्रत्येक धागा त्या क्षणी पूर्णच झालेला असतो. तरीही वस्त्र अजून अपुरे असते. अंथरूण अपुरे आहे, हे जमालीचे निरीक्षण चुकीचे नव्हते. एका नयाला संपूर्ण सत्य मानणे ही त्याची चूक होती.

इंग्रजीतील निवडही नयाचीच आहे. घड्याळ तेच असते. बोलणारा त्या क्रियेकडे स्थिर रीत म्हणून पाहतो की चालू प्रवाह म्हणून, एवढाच फरक. पत्र लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे नेहमीचे आहे काय? ही कृती नसून स्थिती आहे काय? यांपैकी एकाचे उत्तर ‘होय’ असल्यास साधे रूप घ्यावे. हे केवळ सध्या चालू आहे, किंवा पक्के ठरलेले आहे काय? तसे असल्यास ‘इंग’ घ्यावे.

वहीत एका पेटीचीही चूक होऊ नये म्हणून व्यापारी रात्री जागून हिशेब पुन्हा तपासतो. माल गोदामात असताना ‘पाठवत आहोत’ लिहिले गेले, तर वहीतला आकडा बरोबर असूनही पत्रातला शब्द खोटा ठरतो, आणि सत्य अणुव्रताचा संबंध दोहोंशी सारखाच आहे. पत्र पाठवण्यापूर्वी घरातील शाळकरी मुलाला ते मोठ्याने वाचायला लावावे आणि प्रत्येक ‘इंग’पाशी थांबून वरचे प्रश्न विचारावेत. पत्र सुधारेल आणि मुलाचे व्याकरणही.