कॉलेजातली तक्रार समिती कुणासाठी?

सावित्रीमाई फुले अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी याच नगर शहरात मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. पुढे पुण्यात मुलींना शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला. स्त्रीचे शिक्षण थांबवायचे तर तिची वाट नासवायची, हे मनुवाद्यांना तेव्हाच कळले होते. आज शेण फेकत नाहीत. शेरे मारतात, पाठलाग करतात, मोबाईलवर फोटो काढून धमकावतात, अंगावर हात टाकतात. परिणाम तोच. मुलगी घरी बसते.

आपल्या जिल्ह्याने २०१४ मध्ये लोणी मावळा आणि २०१६ मध्ये कोपर्डी पाहिले. दोन्ही मुली शाळकरी होत्या. दोन्ही खटल्यांत नगरच्या सत्र न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. कोपर्डीनंतर मोर्चे निघाले, जातींचे हिशेब मांडले गेले, अॅट्रॉसिटी कायदा बदला अशी मागणीही झाली. अत्याचारी कोणत्याही जातीचा असो, तो गुन्हेगारच. पण मुलीचा जीव गेल्यावर जागा होणारा समाज जिवंत मुलीची तक्रार ऐकून घेतो का?

कायद्याने तशी व्यवस्था केली आहे. विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा आणि महाविद्यालयांसाठी यूजीसीचे विनियम २०१५ चे. त्यानुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला प्राध्यापक, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवायचे.

समिती नीट चालली नाही तर काय होते? गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. त्यांना बडतर्फ करण्यात आले. परंतु समितीने घाईघाईत चौकशी उरकली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी तो आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी! चूक समितीची आणि शिक्षा तक्रारदार मुलींना.

आमच्या जिल्ह्यात तर बहुतेक ठिकाणी ज्याचा कारखाना त्याचेच कॉलेज. बाप त्यांच्याच शेतावर मजुरीला, मुलगी वसतिगृहात, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांच्याच कार्यालयात. ती तोंड कसे उघडणार? वकील म्हणून सांगतो, अशा वेळी बाप म्हणतो, "साहेब, केस नको. मुलीचे लग्न करून टाकतो." गुन्हा एकाने करायचा आणि शिक्षण दुसरीचे सुटायचे, हा कुठला न्याय?

म्हणून जागृती म्हणजे ८ मार्चची रांगोळी स्पर्धा नव्हे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक कॉलेजात जाऊन विचारावे: समितीची नावे व फोन नंबर फलकावर आहेत का? विद्यार्थी प्रतिनिधी कधी निवडले? शेवटची बैठक कधी झाली? उत्तर मिळाले नाही तर अनुदानित महाविद्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. मुलींनाही सांगावे की समिती ही पोलिसांची जागा घेत नाही. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. पीडित मुलगी अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असून अनुसूचित जाती-जमातीबाहेरील आरोपीने हात टाकला, तर अॅट्रॉसिटी कायदाही लागतो. अकरावी-बारावीची मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो आहेच. अत्याचार माहीत असूनही पोलिसांना न कळवणारा प्राचार्यही त्यात गुन्हेगार ठरतो.

आणि आपल्या वस्तीतल्या पोरांचे काय? जयंतीच्या मंडपात त्यांनाही हे ऐकवले पाहिजे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घ्यायचे आणि पोरींची वाट अडवायची, हे चालणार नाही. मुलीने तक्रार केली तर तिला घरी बसवू नका. तिच्यासोबत कॉलेजच्या फाटकापर्यंत चला.

जयभीम!