झुमके पंधरा दिवसांत जुने होतात, मग फोडणीचा वास जुना का होत नाही?

ऑनलाइन मागवलेले ऑक्सिडाइज्ड झुमके घरी येतात. पार्सल उघडायला कात्री शोधण्याइतकाही धीर नसतो. आरशासमोर दोन-चार सेल्फी होतात, एक स्टोरी पडते, मैत्रिणी 'कुठून घेतलेस?' म्हणून विचारतात. पंधरा दिवसांनी तेच झुमके ड्रॉवरमध्ये आधीच्या आठ जोड्यांखाली गेलेले असतात.

त्याच घरात संध्याकाळी आमटीला फोडणी पडते. हा वास आपण जन्मापासून घेत आलोय, तरी बाहेरून दमून आलेला माणूस दारातच विचारतो, 'आज काय केलंय?' आणि घरात कुत्रा असेल तर पट्टा हातात घेतला रे घेतला की तो असा नाचायला लागतो, जणू आज पहिल्यांदाच फिरायला निघालाय.

तिन्ही आनंद छोटे, रोजचे. पण एक झपाट्याने विरतो आणि बाकीचे दोन वर्षानुवर्षं टिकतात. असं का होतं? 'आपण समाधानी नाही' किंवा 'आजकालची पिढीच तशी' असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याचं बरंचसं उत्तर आपला मेंदू कसा चालतो यात आहे.

जे कायम समोर आहे, ते मेंदू बाजूला सारतो

एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. फोडणीचा वास जो स्वयंपाक करतो त्याला थोड्या वेळाने येईनासा होतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र तो जिन्यातच कळतो. वास तोच असतो. पण सतत येणाऱ्या आणि न बदलणाऱ्या संकेताकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करतो. नव्याने होणाऱ्या बदलाकडे लक्ष देता यावं, यासाठी ही सोय आहे. गॅस गळतोय किंवा दूध करपतंय हे कळायला हवं असेल, तर आधीचा वास मागे पडायलाच हवा.

आनंदाचंही तसंच होतं. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याला ट्रेडमिलची उपमा दिली. कितीही धावा, माणूस पुन्हा जुन्याच जागी येतो. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातल्या २२ लॉटरी विजेत्यांचा अभ्यास केला. नाश्ता करणं, मित्राशी गप्पा मारणं, कपडे खरेदी करणं अशा साध्या गोष्टींतून विजेत्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी असल्याचं त्यात दिसलं.

हा अभ्यास अगदी छोटा होता. पुढे २०२० मध्ये स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांवर प्रसिद्ध झालेल्या बऱ्याच मोठ्या संशोधनात, मोठं बक्षीस लागलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं आढळलं. म्हणजे पैशाने काहीच फरक पडत नाही, असं नाही. पण एखादी वस्तू रोज तशीच समोर राहिली की तिची नवलाई ओसरते, हा अनुभव मात्र आपल्या सगळ्यांचा आहे.

पार्सलपेक्षा पार्सलची वाट पाहण्यात जास्त मजा का?

'डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन' असं रील्समध्ये सर्रास सांगितलं जातं. प्रकरण तितकं सोपं नाही.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशी जोरात सक्रिय व्हायच्या. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केल्यावर मात्र चित्र बदललं. आता पेशी खूण दिसताच सक्रिय व्हायच्या. प्रत्यक्ष रस मिळाल्यावर विशेष काही घडत नव्हतं, कारण तो येणार हे माकडाला माहीत झालं होतं.

म्हणजे डोपामाइन बऱ्याच अंशी अपेक्षा आणि ओढ यांच्याशी जोडलेलं आहे. केंट बेरिज या मेंदूशास्त्रज्ञाने पुढे दाखवलं की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. 'ऑर्डर निघाली', 'आज पोहोचेल' अशा प्रत्येक मेसेजला होणारी हुरहूर ही हवेपणाची आहे. झुमके हातात पडले की ते काम संपतं, आणि बोट पुन्हा अ‍ॅपवर जातं.

त्यात भर पडते 'मॅचिंग'ची. झुमके आले की त्यावर जाईल अशी बांगडी नाही हे लक्षात येतं, मग पर्स जुनी वाटते, मग चपला. १८ व्या शतकातला फ्रेंच लेखक दनी दिदरो याने यावर एक निबंधच लिहिला होता. नवा भारी झगा मिळाल्यावर घरातलं बाकीचं सामान त्याला कळकट वाटायला लागलं, आणि तो एकेक वस्तू बदलत गेला. या साखळीला आज 'दिदरो इफेक्ट' म्हणतात.

मग नथ का फिकी पडत नाही?

दागिन्यांचा आनंद टिकतच नाही, असंही नाही. आईची किंवा आजीची नथ आठवा. वर्षातून चार-पाच वेळा डब्यातून बाहेर येते. गुढीपाडव्याला, गौरींच्या वेळी, घरातल्या लग्नाला. दर वेळी ती घालताना तितकंच छान वाटतं.

इथे मधली रिकामी जागा काम करते. मानसशास्त्रज्ञ जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये चॉकलेटचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना आठवडाभर चॉकलेट खाऊ नका असं सांगितलं, काहींना हवं तेवढं खायला दिलं, तर काहींना कसलीच सूचना दिली नाही. आठवड्यानंतर सगळ्यांना चॉकलेट दिलं, तेव्हा ज्यांनी ते सोडलं होतं त्यांना त्याचा आनंद सर्वांत जास्त झाला.

आपल्याकडे सणावाराला काढायचे दागिने आणि रोजच्या वापरातले दागिने वेगळे असतात. त्यामागे सुरक्षिततेचं कारण आहेच, पण त्यामुळे नवलाईही टिकून राहते.

फोडणीला भुकेची साथ

स्वयंपाकाच्या बाबतीत ही रिकामी जागा शरीरच तयार करतं. ती म्हणजे भूक. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये मांडलं की एखादी संवेदना सुखद वाटेल की नाही, हे शरीराच्या त्या वेळच्या गरजेवर ठरतं. उपाशीपोटी येणारा वरणभाताचा वास आणि तुडुंब जेवल्यावर येणारा तोच वास यात फरक वाटतो, तो याचमुळे. भूक रोज नव्याने लागते, म्हणून फोडणीचा आनंदही रोज नव्याने मिळतो.

त्यात ही फोडणी एकाच सुरात वाजत नाही. तेल तापतं, मोहरीतल्या पाण्याची वाफ होऊन ती तडतडते, हिंगाचा उग्र दर्प गरम तेलात मवाळ होतो, कढीपत्ता चुरचुरतो. मसाल्यांतले अनेक सुगंधी घटक पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात, म्हणून थेट आमटीत मसाला टाकण्यापेक्षा फोडणीचा स्वाद जास्त पसरतो. आवाज, वास आणि रंग काही सेकंदांत बदलत जातात. मेंदूला कंटाळायला वेळच मिळत नाही.

ताटाचंही तेच. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की एकच पदार्थ खात राहिल्यावर त्या पदार्थाची गोडी कमी होते, पण न खाल्लेल्या पदार्थांची तितकीशी होत नाही. आपल्या ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि उजवीकडे भाजी, आमटी असते. प्रत्येक घासाला चव बदलायची सोय त्यातच आहे.

पण हा आनंद नेमका कुणाचा?

घरच्या जेवणाचे गोडवे गाताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. खाणाऱ्याचा आनंद आणि रांधणाऱ्याचा आनंद एकच असेल असं नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं होता. अशा पुरुषांचा ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणाऱ्यांचं प्रमाण स्त्रियांमध्ये ८१ टक्क्यांच्या आसपास होतं, तर पुरुषांमध्ये जेमतेम २६ टक्के.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाचा गाभा असा की काम आपल्या मर्जीने केलं तर त्यात रस टिकतो, दबावाखाली केलं तर आटतो. रविवारी हौसेने बिर्याणी करणाऱ्याला तो छंद वाटतो. पण वर्षाचे ३६५ दिवस सकाळी सहाला उठून डबे भरणाऱ्या बाईला कणीक मळताना 'माइंडफुलनेस' शोध म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला दोन दिवस सुट्टी मिळाली, तर तिसऱ्या दिवशीची फोडणी कदाचित तिलाही सुवासिक वाटेल. मधली रिकामी जागा तिच्याही वाट्याला यायला हवी.

रस्ता तोच, कुत्र्याला मात्र रोज नवा

आता कुत्र्याकडे वळू. रोज तीच गल्ली, तोच विजेचा खांब, तीच चहाची टपरी. तरी त्याचा उत्साह कमी का होत नाही?

कारण आपण रस्ता डोळ्यांनी पाहतो आणि तो नाकाने. कुत्रा हुंगताना सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत ओढतो. श्वास सोडताना हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून बाहेर जाते, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. खांबापाशी सकाळपासून कोण येऊन गेलं, नर की मादी, हे त्याला तिथे कळतं. आपल्याला एकसारखा वाटणारा खांब त्याच्यासाठी रोज बदललेला असतो.

म्हणूनच 'चल रे, किती वेळ एकाच जागी!' असं म्हणून पट्टा ओढणं म्हणजे त्याच्या हातातलं वर्तमानपत्र हिसकावण्यासारखं आहे. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २०१९ च्या अभ्यासात, दोन आठवडे वास शोधण्याचा सराव केलेले कुत्रे, मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत जास्त आशावादी वागले. समोरच्या भांड्यात खाऊ आहे की नाही याची खात्री नसतानाही ते तिकडे लवकर गेले.

फायदा माणसालाही होतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहतात, तेव्हा दोघांमध्येही ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. पण त्यासाठी नजर कुत्र्याकडे हवी. एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात रील्स असतील, तर फेरी पूर्ण होते पण ही भेट होत नाही.

फोटो काढायचा की नाही?

'फोटो काढू नका, क्षण जगा' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो अर्धाच खरा आहे. क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्सांड्रा बराश यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोटो काढणाऱ्यांना अनुभवाचा आनंद बहुतेक वेळा जास्तच झाला. कारण चांगल्या फोटोसाठी आपण नीट पाहतो.

पण त्याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात एक फरक दिसला. फोटो स्वतःच्या आठवणीसाठी काढला तर ठीक. सोशल मीडियावर टाकायच्या उद्देशाने काढला तर आनंद कमी होत होता. कारण लक्ष ताटाकडे न राहता 'लोकांना हे कसं दिसेल?' याकडे जातं.

मग करायचं काय?

यासाठी मोठा संकल्प लागत नाही. नवे झुमके घेण्याआधी ड्रॉवरमधली निम्मी जोडी एका डब्यात घालून दोन महिन्यांसाठी कपाटात वर ठेवून द्या. बाहेर काढाल तेव्हा त्यातली दोन-तीन तरी नव्यासारखी वाटतील. फिरायला गेल्यावर निदान दहा मिनिटं कुठे थांबायचं हे कुत्र्याला ठरवू द्या. फोटो काढायचाच असेल तर काढा, पण पोस्ट जेवण झाल्यावर करा.

आणि घरात रोज एकच माणूस स्वयंपाक करत असेल, तर आठवड्यातले दोन दिवस ते काम दुसऱ्या कुणीतरी घ्या. आमटी थोडी खारट झाली तरी चालेल. रोज ओट्याशी उभ्या असणाऱ्या त्या माणसालाही एकदा बाहेरून घरात येताना जिन्यात फोडणीचा वास येऊ दे.