मेलेल्या तारा आणि मोकळी जागा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांची रांग होती, तिथे ऐरोलीपासून महापेपर्यंत आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात. ही डेटा सेंटर. त्यांच्या आत कोणती केबल कुठून कुठे जाईल हे कागदावर ठरवणे हा माझा व्यवसाय. पाहुणे येतात, सर्व्हरच्या रांगा पाहतात, थंड हवेचे आणि जनरेटरचे कौतुक करतात. डोक्यावरच्या जाळीदार ट्रेकडे सहसा कुणी पाहत नाही.

सर्व्हर तीन ते पाच वर्षांत बदलतात. केबल दहा-पंधरा वर्षे तिथेच राहते. याचा अर्थ, आज घातलेली तार ज्या यंत्रांना जोडली जाणार, त्यांतली बरीचशी यंत्रे अजून जन्मालाच आलेली नसतात. आखणीतली मुख्य अडचण ही आहे.

सुरुवातीच्या संगणक-खोल्यांत दोन यंत्रे जोडायची तर एकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ तार ओढत. यंत्रे थोडी असेपर्यंत हे खपून जाते. पुढे प्रत्येक बदलाला नवी तार येते, जुनी तशीच राहते. यावरची युक्ती टेलिफोन एक्स्चेंजने फार आधी शोधली होती : कायमच्या तारा एका चौकटीवर आणून संपवायच्या आणि जोडणी बदलायची ती त्या चौकटीवरच, छोट्या तारेने. घरातही आपण भिंतीतली वायर बदलत नाही, सॉकेटमधला प्लग बदलतो. संगणकाच्या दुनियेत या चौकटीला पॅच पॅनेल आणि छोट्या तारेला पॅच कॉर्ड म्हणतात. या पद्धतीचे अमेरिकी मानक १९९१ साली कार्यालयांसाठी आले. डेटा सेंटरसाठीचे टीआयए-९४२ हे मानक २००५ साली.

मानक सांगते की तांब्याच्या केबलची वाट एकूण १०० मीटरपर्यंतच असावी : ९० मीटर कायमची, उरलेले १० मीटर पॅच कॉर्डचे. त्यापुढे संदेश क्षीण होतो. नवख्या माणसाला नकाशावर दोन रॅकमधले अंतर ५० मीटर दिसते आणि तो निश्चिंत होतो. पण केबल पक्ष्यासारखी उडत जात नाही. ती रॅकमधून वर चढते, ट्रेने काटकोनात वळत जाते, पुन्हा खाली उतरते, दोन्ही टोकांना थोडी सैल ठेवावी लागते. नकाशावरचे ५० प्रत्यक्षात ८० होताना मी अनेकदा पाहिले आहे.

यंत्रांची गर्दी वाढली की आकडे घाबरवतात. २० रॅक, प्रत्येकात ३० सर्व्हर, प्रत्येकाला दोन जोडण्या, म्हणजे १२०० केबल. स्विच रांगेच्या टोकाला ठेवला तर या सगळ्या ट्रेमधून धावतील. प्रत्येक रॅकच्या माथ्यावर स्विच बसवला तर त्या रॅकमध्येच दोन-दोन मीटरमध्ये संपतात. बाहेर पडतात ते, रॅकमागे आठ धरले तरी, १६० फायबर. मात्र सांभाळायचे स्विच वाढतात, त्यांतली काही छिद्रे रिकामी राहून फुकट जातात. काय निवडायचे हे मी एकट्याने ठरवत नाही, ग्राहकाच्या खिशावर आणि स्वभावावर ते असते.

खरा वाद होतो तो ट्रेवरून. ३०० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर खोल ट्रे घ्या. साडेसात मिलिमीटर जाडीची केबल धरली, तर क्षेत्रफळाच्या भागाकाराने तीत ६७९ केबल मावतात. प्रत्यक्षात निम्म्या टाकल्या, म्हणजे ३४०च्या आसपास, की ट्रे काठोकाठ भरते. गोल वस्तू अस्ताव्यस्त पडल्या की मधल्या फटी जागा खातात. म्हणून पहिल्या दिवशी मी पाव भागच, सुमारे १७०, भरू देतो. हिशेब तपासणारे विचारतात, तीन चतुर्थांश हवेचे पैसे कशाला द्यायचे? त्या हवेतूनच पुढच्या दहा वर्षांच्या केबल जाणार असतात, हे त्यांना पटवणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड काम.

जागा सोडली नाही तर काय होते? एका जुन्या केंद्रात आम्ही फरशी उचलली तेव्हा हात कोपरापर्यंत केबलमध्ये गेला. थंड हवा याच पोकळीतून रॅकपर्यंत जायची होती. ती अडली होती. त्यातल्या किती केबल चालू आणि किती मेलेल्या, हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. आणि एकही ओढून काढायची हिंमत होत नव्हती, कारण दुसऱ्या टोकाला एखादी बँक असू शकत होती. अशा टाकून दिलेल्या केबलचे आवरण आगीत इंधन होते, धूर करते. म्हणून अमेरिकेच्या विद्युत संहितेने २००२च्या आवृत्तीत हाती लागणाऱ्या मृत केबल काढून टाकणे बंधनकारक केले.

केबल मेली आहे हे कळायचे तर तिला नाव हवे. मजल्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखतात, एका बाजूला अक्षरे, दुसऱ्या बाजूला आकडे. रॅकचे नाव त्याच्या घरावरून पडते. मग केबलच्या दोन्ही टोकांवर दोन्ही पत्ते लिहायचे : रॅक, पॅनेल, छिद्र. रात्री तीन वाजता बंद पडलेली जोडणी शोधणाऱ्या तंत्रज्ञाला या चिठ्ठीखेरीज दुसरा आधार नसतो.

चिठ्ठी खोटेही बोलू शकते. महत्त्वाच्या यंत्रांना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन स्वतंत्र वाटांनी जोडतात, एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. कागदावर एक निळी, एक लाल. प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर शेवटच्या दहा फुटांत दोघी भिंतीतल्या एकाच भोकातून बाहेर पडतात. दुसरे भोक पाडायला कुणी परवानगी दिलेली नसते. म्हणून मी ट्रेखालून दोन्ही वाटा पायी चालून पाहतो.

हल्ली निविदेत मी एक कलम घालतो : यंत्र हलवले की त्याची केबलही त्याच आठवड्यात काढायची आणि ट्रेमधली ती जागा नोंदवहीत मोकळी दाखवायची. वाटाघाटीत बहुतेक वेळा सर्वांत आधी कापले जाते ते हेच कलम.