टायरांतील हवा : शेतांत किती, रस्त्यावर किती?

विरारच्या पूर्वेस शिरसाड-भाताण्याकडील भातखाचरें, पश्चिमेस आगाशी-अर्नाळ्याकडील रेवट वाड्या आणि मध्यें डांबरी रस्ता. एकच ट्रॅक्टर या तिन्ही ठिकाणीं चालतो. असें असूनही टायरांत हवा मात्र आपण बाराही महिने एकाच मापाची ठेवतों, आणि तें मापही पुष्कळदां पंक्चरवाल्याच्या अंगठ्याचें असतें. या बाबतींत आम्हांस आलेला अनुभव व त्यामागील कारण वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

टायर ज्या दाबानें फुगविलेला असतो, साधारण तेवढाच दाब तो जमिनीवर टाकतो. हवा कमी केली म्हणजे तो खालीं पसरतो व तेंच वजन अधिक जागेवर वांटलें जातें. चाक कमी रुततें, कमी घसरतें, आणि वरची मातीही कमी दडपली जाते. भातानंतर अंगच्या ओलीवर वाल पेरणारास याचें महत्त्व सांगावयास नको. (खोलवरची माती मात्र यंत्राच्या एकंदर भारानें दडपते, तेथें भारच कमी केला पाहिजे.) अमेरिकेंत 1932 सालीं अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनें ट्रॅक्टरास लोखंडी चाकांऐवजीं विमानाचे रबरी टायर लावून पाहिले, तेव्हांपासून ही सोय आपल्या हातीं आली. पुढच्याच वर्षीं बार्नी ओल्डफील्ड नांवाच्या शर्यतपटूनें तसला ट्रॅक्टर ताशीं 64 मैल पळविला. ती हौस आपल्या कामाची नव्हे.

कारण खरी मेख वेगांतच आहे. कमी हवेच्या टायराची बाजू प्रत्येक फेऱ्यास दबते व पुन्हां उभी राहते. नांगरतांना वेग ताशीं 5 किलोमीटर असतो. रस्त्यावर 25 झाला कीं तोच टायर मिनिटास पांचपट वेळां वांकतो. त्या वांकण्यानें उष्णता वाढते, आंतील दोऱ्यांचे पदर सुटूं लागतात, व एके दिवशीं टायर फुटतो.

गेल्या हंगामांत परतीच्या पावसांत आमच्या ट्रॅक्टराचें मागचें चाक खाचरांत रुतलें. चालकानें हवा सोडली, ट्रॅक्टर निघाला, आणि आम्हीं त्याची पाठ थोपटली. संध्याकाळीं त्याच हवेवर भाताच्या पोत्यांची ट्रॉली जोडून आम्हींच त्यास गिरणीकडे पाठविलें. वाटेंत टायर रिमवर फिरला, ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटला, व भरलेली ट्रॉली अंधारांत भर रस्त्यांत अडकून पडली. मागून येणाऱ्या मालमोटारीनें वेळींच ब्रेक लावला म्हणून माणूस वांचला. दोष चालकाचा नव्हता, आमचा होता.

मध्यम ट्रॅक्टराच्या 13.6-28 मापाच्या मागच्या टायरांत शेतकामास 12 पौंडांच्या आसपास व रस्त्यावर ओझें ओढतांना 16 पौंडांच्या आसपास हवा ठेवण्याची रीत आहे. पुढच्या लहान चाकांत सुमारें दुप्पट लागते. तरी आपल्या यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकांतील आंकडाच प्रमाण मानावा. ट्रॉलीच्या टायरांतील हवा ओझ्याप्रमाणें ठेवावयाची. ती चिखलासाठीं कमी करूं नये. दाब नेहमीं टायर थंड असतां पाहावा. चालून तापलेल्या टायरांत तो चढलेला दिसतो, म्हणून हवा सोडणें ही चूक होय. वजनासाठीं टायरांत पाणी भरलें असेल तर व्हॉल्व्ह वर आणून मग मापक लावावा.

लावणीच्या चिखलणींत हवेचा हा उपाय फारसा चालत नाहीं. तेथें लोखंडी जाळीचीं चाकेंच हवींत. उलट वाडीच्या रेताड वाटेवर पिकअप गाडी अडकल्यास थोडी थोडी हवा सोडून पाहावी, हळू चालावें व एकदम वळूं नये, नाहीं तर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्ता लागतांच हवा पुन्हां भरावी.

आम्हीं आतां दाबमापक व पायपंप ट्रॅक्टराच्या पेटींतच ठेवतों. मोठ्या टायरांत पायपंपानें 4 पौंड चढवितांना चालक कुरकुरतो, म्हणून बॅटरीवर चालणारा लहान कॉम्प्रेसर घेण्याचा विचार चालू आहे.